गिअरची मूठ निघत नाही तेव्हा : शिरूर-दौंडच्या जुन्या गाड्यांच्या मालकांना एक विनंती

१/
शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघाले की एखाद्या वस्तीवरच्या गोठ्याशेजारी किंवा बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली ताडपत्री पांघरलेली जुनी जीप अजूनही दृष्टीस पडते. अलीकडे अशा गाड्यांकडे हौशी लोकांचे लक्ष वळले आहे. कोणी ती वरातीसाठी सजवतो, कोणी आजोबांची आठवण म्हणून पुन्हा चालती करतो. या कामात बहुधा पहिल्याच दिवशी एक लहानशी वस्तू मोडते : गिअरच्या दांड्यावरची मूठ. आजचा धागा त्या मुठीविषयी.

२/
माझे म्हणणे आरंभीच सांगतो. न निघणारी मूठ कापून काढू नये. पुष्कळदा ती काढण्याची गरजच नसते. आणि असली, तरी पुरेसा वेळ दिल्यास ती बहुधा न मोडता निघते. तो वेळ मिस्त्रीने फुकट द्यावा ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. त्याचे पैसे गाडीमालकाने मोजले पाहिजेत. एवढेच सांगायचे आहे. पण ते पटण्यासाठी थोडा इतिहास आणि थोडी कारागिरी समजून घ्यावी लागेल.

३/
दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कित्येक लिलावात निघाल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीने विलीसच्या परवान्याने मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे गाडीचे भागही इथेच घडू लागले. आपल्या तालुक्यांत आज ज्यांना सरसकट ‘विलीस’ म्हणतात, त्यांतल्या पुष्कळशा गाड्या मूळच्या मुंबईच्याच आहेत.

४/
या जीपमध्ये एक नव्हे, तीन दांडे असतात. एक मुख्य गिअरचा. दुसरा पुढच्या चाकांना जोर देण्याचा. तिसरा जड चढणीसाठी वेग आणखी उतरवण्याचा. म्हणजे मुठीही तीन. जुन्या कित्येक जीपगाड्यांचे सुकाणू डावीकडे असे आणि मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असे ठळक रंगवलेले असे. त्यामुळे या गाड्यांच्या मुठी चालकाच्या उजव्या तळव्याखाली झिजल्या. इतर भारतीय मोटारींत गिअरचे काम डाव्या हाताचे. झिजेची बाजू पाहूनही गाडीचा पूर्वेतिहास थोडाफार कळतो, तो असा.

५/
आपल्या भागात जीप म्हणजे प्रथम सरकार. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास कार्यक्रम सुरू झाला. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. गटविकास अधिकाऱ्याची जीप ही गावाला दिसणारी सत्तेची खूण झाली. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावांवर, नालाबांधांवर, खडीच्या कामांवर हजेरी घ्यायला जी माणसे येत, ती बहुधा याच गाड्यांतून. ‘जीप आली’ एवढ्या दोन शब्दांत आशाही असे आणि धास्तीही.

६/
पुढे सरकारी गाड्या लिलावात निघाल्या. कोणाची शेतावर गेली, कोणाची वडापला लागली. आठ-नऊ जणांच्या गाडीत पंधरा माणसे आणि टपावर भाजीच्या पाट्या घेऊन ती बाजाराच्या दिवशी शिरूरला किंवा दौंड जंक्शनला येऊ लागली. एकाच मुठीवर आधी सरकारी चालकाचा हात पडला, मग बागायतदाराचा, मग वडापवाल्याचा. गाडीचा रंग बदलला, हूड बदलले, पुष्कळदा इंजिनही डिझेलचे बसले. मूठ मात्र कित्येक गाड्यांत तीच राहिली; कारण ती चालत होती आणि चालणारी वस्तू बदलायची आपल्याकडे रीत नव्हती.

७/
दुसरी गाडी फियाटची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर हे त्यांचेच नाव सांगते. कुर्ल्यात बनलेली फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून घरोघर पोहोचली. डॉक्टर, वकील, साखर कारखान्याचे संचालक यांची ती गाडी. तिचा गिअर खाली नव्हे, सुकाणूच्या दांड्याला लागून; त्यामुळे मूठही बारीक आणि आडव्या दांड्याच्या टोकाला.

८/
इतिहासाचा एक योगायोग पाहा. रांजणगाव शिरूर तालुक्यात. तिथल्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना उभा राहिला आणि २०१७ पासून त्याच कारखान्यात जीप कंपास बनू लागली. जी दोन नावे मुंबईच्या दोन कारखान्यांतून जुळणी होऊन आपल्या वाड्यांपर्यंत आली होती, ती दोन्ही अष्टविनायकातल्या महागणपतीच्या गावी एकत्र आली. नव्या गाड्यांचे गिअरबॉक्स जिथे घडतात, तिथून काही कोसांवर जुन्या गाडीची मूठ हातोडीने फोडली जाते, हे मला खटकते.

९/
आता मुठीकडे वळू. जुन्या मुठी बहुधा काळ्या बेकेलाइटच्या किंवा तत्सम कडक प्लास्टिकच्या. लिओ बेकलँड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनतज्ज्ञाने १९०७ मध्ये बेकेलाइट शोधले. ते एकदा साच्यात घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. फार तापवले तर करपते, तडकते. म्हणून ‘जरा बत्ती लावा, मऊ होईल’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. मुठीच्या पोटात कधी पितळेची किंवा लोखंडाची आटे पाडलेली बुशी बसवलेली असते, कधी आटे थेट बेकेलाइटमध्येच असतात. हे दुसरे आटे गेले की परत येत नाहीत.

१०/
आट्यांचाही इतिहास आहे आणि तो आपल्या मुठीशी थेट जोडलेला आहे. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचे पहिले प्रमाण मांडले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचे आटे सुचवले. युरोपातले मेट्रिक आटेही ६० अंशांचे, पण मापे मिलिमीटरमध्ये. जीप अमेरिकन वंशाची, तिचे आटे इंचाचे. फियाट इटालियन, तिचे आटे मिलिमीटरचे. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली. तरी गॅरेजच्या पेटीत इंचाचे आणि मिलिमीटरचे पाने पुढे कित्येक वर्षे शेजारी नांदत राहिले.

११/
याचा परिणाम असा. मूळ मूठ फुटली की मिस्त्री हाताशी असेल ती दुसऱ्या गाडीची मूठ बसवी. दोन फेरे सहज जात, पुढे अडे. मग पक्कड लावून ती आवळली जाई. आटे एकमेकांना चिरत आत जात आणि तिथेच रुतून बसत. आज जी मूठ ‘हट्टी’ म्हणून आपण तिच्यावर चिडतो, ती कदाचित चाळीस वर्षांपूर्वी चुकीच्या आट्यांवर जबरीने बसवलेली असते. तेव्हाच्या घाईचा भुर्दंड आजच्या मालकाला पडतो.

१२/
दुसरे कारण गंज. तळव्याच्या घामात मीठ असते. ते मुठीच्या गळ्यातून आत उतरते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो आट्यांच्या फटीत पाचरीसारखा घट्ट बसतो. तिसरे कारण माणसाचे : मूठ हलते म्हणून कोणीतरी आत डिंक, चिकटद्रव्य किंवा तांब्याची तार भरलेली असते. यांतले नेमके कारण कोणते, हे ओळखल्याशिवाय पाना उचलू नये.

१३/
पहिली पायरी : मूठ बसवली कशी आहे ते पाहणे. खाली पातळ चेक नट आहे का? बाजूला लहानसा ग्रब स्क्रू धुळीने बुजला आहे का? वर गिअरची आकृती असलेली टोपी आहे का, आणि तिच्याखाली नट आहे का? की मूठ नुसती दाबून बसवली आहे? जुन्या दातांच्या ब्रशने गळा स्वच्छ करून, टॉर्च धरून पाच मिनिटे पाहावे. बाजूचा स्क्रू न दिसल्यामुळे तासभर पिळून फोडलेल्या मुठी मी पाहिल्या आहेत.

१४/
दुसरी पायरी : चेक नट सोडवणे. मूठ हाताने स्थिर धरून खालचा नट फिक्स पान्याने मुठीपासून दूर, म्हणजे खालच्या बाजूला फिरवावा. स्क्रू पाना शक्यतो टाळावा. तो निसटून नटाचे कोपरे खातो. नट सुटला की पुष्कळदा मूठही लगेच हाताने निघते. ‘हट्टी’ ठरवलेल्या कित्येक मुठी या एका नटामुळे अडलेल्या असतात.

१५/
तिसरी पायरी : ऊब. गरम पाण्यात भिजवून पिळलेले जाड फडके मुठीभोवती पाच-सात मिनिटे गुंडाळावे. निवले की पुन्हा. पाणी हाताला सोसवेल त्याहून थोडे अधिक गरम, पण उकळते नको. तापल्यावर प्लास्टिक आणि बेकेलाइट सहसा पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावतात. अ‍ॅल्युमिनियमची मूठ असेल तर तिचे प्रसरण पोलादाच्या जवळपास दुप्पट. पकड सैल होण्यास तेवढे पुरते. आतले चिकटद्रव्यही उबेने नरमते.

१६/
चौथी पायरी : तेल. इथे अडचण अशी की तेल वरून घालता येत नाही. मुठीचे भोक वरून बंद असते. म्हणून आपल्या देवघरातला उपाय करावा. सुताची वात गंज सोडवणाऱ्या पातळ तेलात भिजवून मुठीच्या गळ्याभोवती गुंडाळावी आणि रात्रभर ठेवावी. दिव्याच्या वातीत तेल चढते तसेच ते आट्यांच्या बारीक फटीतून वर चढते. पूर्वी यासाठी रॉकेल वापरत. तेल लावल्यानंतर ड्रायर, बत्ती, विडी काहीही जवळ आणू नये. अ‍ॅसिटोन तर मुळीच नको. ते कित्येक प्लास्टिकना खाते.

१७/
पाचवी पायरी : पीळ. गाडीच्या चाकांना दगड लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. मुठीभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा, म्हणजे पकड येते आणि ओरखडा येत नाही. दुसऱ्या माणसाने खालचा दांडा घट्ट धरावा. हे महत्त्वाचे, कारण न धरलेल्या दांड्यावरचा सगळा जोर खाली गिअरबॉक्समध्ये जातो, आणि पद्मिनीत सुकाणूजवळच्या जोडांच्या बुशांवर येतो. शंभर रुपयांच्या मुठीसाठी हजारोंचे काम निघते ते असे.

१८/
पिळताना प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवावे. गंजाचा थर तिथे तुटतो. मग उलट, म्हणजे वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. पाव फेरा सुटला की पुन्हा थोडे आवळावे, पुन्हा सोडावे. दाबून बसवलेली मूठ असेल तर ती वर ओढावी लागते. तेव्हा तोंड तिच्या रेषेत ठेवू नये. ती अचानक सुटते आणि नाकावर येते. एका दिवसात नाही निघाली तर वात बदलून दुसरा दिवस द्यावा.

१९/
एवढे करूनही निघाली नाही तर? माझे उत्तर : राहू द्यावी. खालचे रबरी बूट बदलायचे असेल तर काही गाड्यांत दांडाच मुठीसकट वर काढता येतो, त्याची चौकशी आधी करावी. मूठ फुटून हाताला लागत असेल, गिअर टाकताना निसटत असेल, तर प्रश्न वेगळा. तिथे चालकाचा जीव मुठीहून मोठा आहे. पण तेव्हाही ग्राइंडर लावण्यापूर्वी विचार करावा. जुन्या बेकेलाइटमध्ये काही वेळा भरणी म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस घालत असत. त्याची धूळ मिस्त्रीच्या छातीत जाते, मालकाच्या नव्हे.

२०/
यावर आक्षेप येतो तो योग्यच आहे. ‘साहेब, तुम्हाला हौस आहे, आम्हाला दिवसाला चार गाड्या सोडायच्या असतात.’ गॅरेजमध्ये पैसे कामाचे मिळतात, वेळेचे नाही. मूठ कापायला दहा मिनिटे लागतात आणि भिजवायला रात्र. मिस्त्रीला दोन्हीचे सारखेच पैसे मिळणार असतील तर तो कापणारच. त्यात त्याचा अडाणीपणा नाही, साधा हिशेब आहे.

२१/
हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. आमच्या थोरल्या चुलत्यांच्या, तात्यांच्या, जीपची मूठ डाव्या कडेला इतकी झिजली होती की तिथे अंगठ्याची खळगी पडली होती. गाडी रंगाला दिली तेव्हा मी मिस्त्रींना म्हणालो, ‘संध्याकाळपर्यंत पाहिजे.’ त्यांनी एकदा विचारले, ‘मूठ बसलीये, उद्यापर्यंत ठेवू का?’ मी नको म्हणालो. संध्याकाळी चकचकीत नवी मूठ मिळाली आणि जुनीचे दोन तुकडे भंगाराच्या डब्यात. तात्यांनी गाडीत बसून हात टाकला, अंगठा जागा शोधत राहिला. ते काही बोलले नाहीत. मिस्त्रींनी विचारले होते, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

२२/
कायद्याकडे पाहिले तरी हीच उणीव दिसते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या साटीत, सांगाड्यात, इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. नियम म्हणून ते ठीक. कायदा मुठीपर्यंत पोहोचणार नाही, पोहोचूही नये. पण ज्या भागाला चालकाचा हात रोज लागला, तो भाग कोणत्याच नोंदीत नाही. तो जपायचा की नाही, हे सर्वस्वी मालकाच्या हाती उरते.

२३/
घाई आणखी एका कारणाने परवडणारी नाही. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची उतरली. इंचाचे आणि मिलिमीटरचे आटे बोटाने ओळखणारे, कोणत्या गाडीची मूठ कोणत्या दांड्यावर चालते हे तोंडपाठ असणारे मिस्त्री आपल्या दोन्ही तालुक्यांत आता उतारवयाला आले आहेत. त्यांच्याकडे येणारे प्रत्येक जुने काम आपण ‘लवकर उरका’ म्हणून देत राहिलो, तर त्यांच्या हाताखालच्या पोराला ते काम पाहायलाही मिळणार नाही. तो ग्राइंडर चालवायला शिकेल, वात गुंडाळायला नाही.

२४/
म्हणून मालकांना तीन विनंत्या. एक : गाडी देताना मुठीचे वरून आणि बाजूने छायाचित्र घ्या, आणि ‘मूठ मोडणार असेल तर आधी विचारा’ असे कामाच्या चिठ्ठीवर लिहा. दोन : मिस्त्रींनी ‘उद्यापर्यंत ठेवू का’ विचारले तर हो म्हणा आणि त्या रात्रीचे पैसे वेगळे द्या. तीन : नवी मूठ बसवलीच तर जुनी, फुटकी का होईना, कापडात गुंडाळून गाडीतच ठेवा.

२५/
शिरूर, दौंड, इंदापूर, श्रीगोंदा या भागांत कोणाकडे जुनी मूळ मूठ असेल तर तिचे छायाचित्र खाली टाका. गाडी कोणती, सुकाणू कोणत्या बाजूला, आणि झीज कोणत्या कडेला, एवढे लिहा. न मोडता मूठ काढणारे मिस्त्री ठाऊक असतील तर त्यांच्या परवानगीने त्यांची रीतही लिहा. त्यांतून जमेल ते पुढच्या धाग्यात एकत्र मांडीन. धागा इथे संपतो.